लाल कापडातली वही

पाऊस गेला की मी पुस्तकांना ऊन दाखवते. पुंडलिकनगरमधल्या आमच्या घराची गच्ची लहान आहे, त्यामुळे एका वेळी एकच कपाट रिकामं होतं. जुन्या चादरीवर पुस्तकं उघडी उभी करायची, झटकायची, मध्ये वेखंडाचा तुकडा ठेवायचा आणि उतरत्या उन्हात आत न्यायची. काम दोन तासांचं. मला चार दिवस लागतात, कारण झटकायला घेतलेलं पुस्तक मी वाचायला लागते. आश्विनातलं ऊन टाळूला चटका देतं तेव्हा कळतं, की आपण उभ्या उभ्या तीस पानं पुढं आलो आहोत.

यंदा एकाच कपाटाला तीनदा ऊन दाखवून झालं.

"आता काय तळायला काढणार आहेस का ती?" हे जिन्यातून म्हणाले.

त्यांना कारण ठाऊक होतं. मला लिहायला बसायचं नव्हतं. मी वर्षातून एकच गोष्ट लिहिते आणि ती याच दिवसांत. घटस्थापनेला गुलमंडीवरच्या दुकानातून दोनशे पानी लांब वही आणायची, दिवाळीपर्यंत लिहायचं. दिवसाला एक पान होतं आणि त्यातलं अर्धं दुसऱ्या दिवशी खोडलं जातं. कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मी हजारो पुस्तकं जिथल्या तिथं लावली, पण माझी स्वतःची दोन वाक्यं शेजारी शेजारी बसायला तयार नसतात. यंदा वही आणली होती. ती टेबलावर कोरी पडून होती.

कारण गेल्या वर्षीच्या गोष्टीचा निकाल लागायचा राहिला होता.

माझा निकाल थोरल्या जाऊबाई लावायच्या. त्या पडेगावला शेतावरच्या घरात, आम्ही शहरात. शाळा सातवीपर्यंत, पण हाताला लागेल ते वाचायच्या. शरदात आमच्या दोन घरांमध्ये एक कापडी पिशवी सारखी फिरत असायची. इकडून पुस्तकं जायची, तिकडून पुस्तकं यायची आणि वर चार-सहा सीताफळं, डोळे उघडलेली. भाऊबीजेनंतर त्याच पिशवीतून माझी वही जायची. संक्रांतीच्या आधी ती परत यायची, समासात पेन्सिलीनं लिहिलेली. शेवटच्या पानावर एकच शेरा असायचा. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालंल". एका वर्षी "लई शिकलेलं झालंय" असं आलं. ती गोष्ट अजून कपाटात आहे. "चालंल" मिळालेली तेवढी मी एखाद्या दिवाळी अंकाला पाठवायची, आणि छापून आली तर पहिला अंक पडेगावला.

"धाकटे," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुझ्या गोष्टीत बाया फार खिडकीत बसतात गं. त्यांना काही कामं नाहीत का?"

तेव्हापासून माझ्या गोष्टीत खिडकी आली की मी आधी भांडी घासून घेते.

गेल्या पौषात जाऊबाई गेल्या. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त. वही त्यांच्याकडेच होती. ज्या घरात माणूस गेलंय तिथं जाऊन "माझी वही द्या" असं कोण म्हणेल? मी म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर दहाव्याला, तेराव्याला, प्रत्येक वेळी माझी नजर त्यांच्या फळीवरून फिरून आली. वही दिसली नाही. त्यांनी वाचली का, कुठपर्यंत वाचली, शेवटी काय लिहिलं, हे कळल्याशिवाय नवी गोष्ट सुरू करणं मला जमेना.

दसऱ्याला आम्ही पडेगावला गेलो. वर्ष व्हायचं होतं म्हणून गोडधोड नव्हतं, पण औजारांची पूजा त्या घरात चुकवत नाहीत. देवघरासमोर पाट मांडला होता. पाटीवर सरस्वती काढलेली, शेजारी विळा, खुरपं, ट्रॅक्टरची चावी, झेंडूची फुलं. आणि मधोमध, हळदकुंकू वाहिलेलं, एक लाल कापडाचं गाठोडं.

"ही?" मी जाऊबाईंच्या सुनेला हळूच विचारलं.

"सासूबाईंची पोथी," ती म्हणाली. "मामंजी रोज फूल वाहतात तिला."

मी खाली बसून हात जोडले, तेव्हा कापडाच्या कोपऱ्यातून माझ्या वहीचा निळा पुठ्ठा दिसला.

जाऊबाईंनी कधीतरी हसत हसत हे मला सांगितलं होतं. मी ते विसरूनही गेले होते. पुस्तक हातात दिसलं की घरातला प्रत्येक जण त्यांना हाक मारायचा. पोथी वाचणाऱ्या बाईला मात्र कुणी उठवत नाही. म्हणून त्यांनी एक लाल कापड घेतलं, दुपारी डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काही वाचायचं असेल ते त्या कापडात ठेवून वाचायचं. "देवाचं नाव नाही घेतलं मी," त्या म्हणाल्या होत्या. "नुसतं कापड लाल हाय."

आता त्या कापडात माझी गोष्ट होती. आणि ती गोष्ट, हे सांगायला हवं, थोरल्या दिरांवर होती. एक म्हातारा सीताफळाच्या झाडाखाली रेडिओ लावून पोपटांपासून फळं राखत बसतो आणि रेडिओ ऐकत झोपी जातो, अशी. नाव घातलं नव्हतं, पण रेडिओची तुटलेली कडी आणि ती बांधलेली सुतळी मी जशीच्या तशी लिहिली होती.

भावजी बाहेरून आले. थोरल्या दिरासमोर धाकटीनं फार बोलायचं नसतं. आमच्यात कधी कुणी तसा नियम सांगितला नाही, पण तीस वर्षांत आमचं बोलणं चहा घेता का, पाऊस आहे का तिकडं, याच्या पलीकडं गेलं नव्हतं. मी पुस्तकांत असते म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. त्यांच्या लेखी पुस्तकाला हात लावणारे सगळेच मास्तर.

"मास्तरीणबाई," ते गाठोड्याकडे बघत म्हणाले, "तिची पोथी अर्धी राहिली. तेवढी तुम्ही पुरी वाचून दाखवा. मनाला लागून राहिलंय."

"आज?" मी पटकन विचारलं.

"आज कशी? सरस्वती मांडलीय. आज पुस्तक उघडत नसतेत. पुढच्या आठवड्यात या, दुपारचं."

घरी येताना यांनी गाडीत पोट धरून हसून घेतलं. "माझा भाऊ नऊ महिने स्वतःच्याच टिंगलीला फुलं वाहतोय," ते म्हणाले. मग डोळे पुसले. आणि म्हणाले, "सरळ सांगून टाक."

सरळ सांगण्याइतकी धीट असते तर मी गोष्टी कशाला लिहिल्या असत्या? मी दुसरा मार्ग काढला. घरातली एक खरी पोथी घेतली, वहीच्याच जाडीची. गुलमंडीवर जाऊन लाल कापड घेतलं. दुकानदारानं विचारलं, "किती देऊ?" मी हातानं वहीची लांबी दाखवली. तो माझ्याकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीनं बघत राहिला. घरी पोथी बांधली, दोन-तीनदा सोडून पुन्हा बांधली, आणि ती पर्समध्ये घालून यांच्याबरोबर पडेगावला गेले. बेत असा, की देवघरात एकटी असताना गाठोडी बदलायची. आयुष्यभर ज्यांनी पुस्तकं पळवली त्यांना मी दंड केला. आता माझीच पाळी.

देवघरात एकटी होते तेव्हा दोन्ही गाठोडी शेजारी ठेवून बघितली. माझं कापड नव्या नवरीसारखं झगझगीत. जाऊबाईंचं कापड दुपारच्या घामानं आणि हातांनी विटून विटकरी झालेलं, गाठीपाशी तर जवळजवळ पांढरं. आंधळ्यालाही फसवता आलं नसतं. मी माझं पर्समध्ये कोंबलं, तेवढ्यात भावजी आले. अंघोळ केलेली, टोपी घातलेली. समोर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले.

मी गाठ सोडली. पहिलं पान उघडलं. वरती माझ्या अक्षरात गोष्टीचं नाव आणि समासात पेन्सिलीनं, "नाव बदल. ह्यांना ऐकू गेलं तर माझी धडगत नाय."

मी त्या ओळीवर तळहात ठेवला.

"कोणत्या देवाचं हाय?" भावजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"देवाचं नाही, भावजी. मी लिहिलेली गोष्ट आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"मंग ती रोज दुपारी..."

"हेच वाचायच्या. नाहीतर दुसरी कुठली पुस्तकं."

"पदर घेऊन?"

"हो."

"आन मी तेवढा येळ बाहेर ओट्यावर," ते सावकाश म्हणाले, "रेडिओ बंद करून बसायचो. पोथीत बाधा नको म्हणून. इतकी वर्षं."

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वाचा," म्हणाले. "अन् तिनं लिवलेलं पण वाचा. गाळू नका."

मी वाचायला लागले. म्हातारा झाडाखाली बसतो तिथं समासात होतं, "घोरण्याचं लिहिलं नाय." भावजी म्हणाले, "मी घोरत नाय." सून दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. म्हातारा फळं मोजतो, रोज दोन कमी भरतात, म्हणून तो पोपटांसाठी जाळं लावतो तिथं समास जास्तच भरलेला होता. मी वाचलं, "पोपटांवर उगाच आळ आलाय. फळं मीच काढायचे. तुझ्या पिशवीत यायची ती हीच. गोष्टीत खरं लिही, पण छापायच्या आधी मला विचार."

मी वहीत बघत होते. ती फळं मी खाल्ली होती, बिया बशीत काढत, हातात पुस्तक धरून.

"मला वाटलंच," भावजी म्हणाले. "पोपट चोच मारतो. पिशवीत घालून नेत नाय." मग माझ्याकडे बघितलं, तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा सरळ. "गोड होती का?"

"होती."

"होयाचीच. विहिरीवरलं झाड हाय ते."

वाचता वाचता मी एक डोळा पुढं ठेवून होते. अजून किती पानांवर पेन्सिल आहे ते बघत होते. बावीस, तेवीस. चोविसाव्या पानाच्या मध्यावर अक्षर बारीक आणि तिरकं झालं होतं. "इथं थांबते. ह्यांना चहा पाहिजे."

त्यानंतरचे समास कोरे होते. मी शेवटच्या पानापर्यंत चाळलं, पुठ्ठ्याच्या आतली बाजूसुद्धा बघितली. "चालंल" नव्हतं आणि "लई शिकलेलं" पण नव्हतं.

"काय झालं?" भावजींनी विचारलं.

मी ते वाक्य वाचून दाखवलं. आणि नेमकी त्याच वेळी सून चहा घेऊन आली. बिचारीचा काही दोष नव्हता, तिची रोजचीच वेळ ती. भावजींनी कपाकडे बघितलं.

"ठेव तिकडं," ते म्हणाले. सून कप ठेवून गेली. "पोथीत कधी बोलवायचो नाय, पण त्या दिवशी मी हाक मारली आसंल. मारली आसंल म्हंजे काय, मारलीच. चहा काय पळून चालला होता?"

"भावजी, त्यांना उठायचं नसतं तर त्या उठल्या नसत्या," मी म्हटलं. "एरवी तुमच्या किती हाका त्यांनी ऐकल्या नाहीत, ते मला ठाऊक आहे."

ते हसले. अगदी थोडंसं. "ते बी खरं हाय. कानानं नाय, मनानं बहिरी होती." मग टोपीवरनं हात फिरवत म्हणाले, "पुढचं वाचा. तिनं नाय वाचलं ते."

मी उरलेली सहा पानं वाचली. कोरा समास किती रुंद असतो, ते मला त्या दिवशी कळलं. वाक्य संपलं की मी आपोआप थांबायची, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा भावजी म्हणाले, "दम लागला का?" मी नाही म्हटलं. मग थांबले नाही. बाहेर हे कपाशीत फिरत असलेले दिसत होते, शेतीतलं काही कळत नसताना बोंडं चाचपत.

गोष्ट संपली. भावजी गार झालेला चहा बशीत ओतून एका घोटात प्यायले. मग वही माझ्या हातातून घेतली, लाल कापडात ठेवली आणि गाठ मारायला लागले. त्यांना ती नीट जमत नव्हती.

"भावजी, ती वही," मी धीर करून म्हटलं, "माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

"राहू द्या माझ्याकडं. मला वाचायची हाय."

"आत्ता तर वाचून दाखवली."

"ते तुमचं वाचणं झालं. तिचं अक्षर मी अजून बघितलं नाय." त्यांनी गाठोडं पाटावर न ठेवता मांडीवर घेतलं. "दुपारचं ओट्यावर बसून वाचीन. मला येळ लागतो, एकेक शब्द लावून वाचतो मी."

"पण गोष्ट कशी वाटली, तेवढं तरी सांगा."

"सांगीन की. घाई काय हाय?" ते म्हणाले. "एक पेन्सिल ठेवून जा तेवढी. घोरण्याचं मला पटलेलं नाय."

मी पर्समध्ये हात घातला. आधी ते झगझगीत लाल कापड वर आलं, ते मी परत दडपलं आणि पेन्सिल काढून दिली. त्यांनी अंगठ्यानं टोक तपासलं, विळ्याची धार तपासतात तसं, आणि खिशाला लावली.

हे गाडीपाशी उभे होते. "काय, वहिनी चालंल म्हणाल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"निकाल राखून ठेवलाय," मी म्हटलं.

"आणि वही?"

"तीही."