फाटक बंद करण्याच्या ठरावावर माझी सही

गटातील सर्व बंधू-भगिनींना सादर नमस्कार.

आज सकाळी आमच्या कंधार तालुक्यातील गावात बिअर शॉपीच्या परवान्यासाठी अंतराची मोजणी झाली. जागा शाळेच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे आहे. परवाना नाकारला जाणार, या खात्रीने मी इस्त्रीचा सदरा घालून तेथे गेलो.

मोजणीला आलेल्या उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबांनी फीत मात्र शाळेच्या मागील फाटकापासून धरली. मी हरकत घेतली.

"बाबा, अंतर फाटकापासूनच मोजतेत. समोर तर भिंत हाय," ते म्हणाले.

ती भिंत गेल्या महिन्यातील आहे. ट्रकांमुळे मुलांना धोका आहे, असे सांगून गावातील एका व्यापाऱ्याने ती स्वखर्चाने बांधून दिली. समोरचे फाटक बंद करण्याच्या ठरावावर शाळा समितीचा ज्येष्ठ सदस्य म्हणून पहिली सही माझी आहे. परवान्याचा अर्जदार त्याच व्यापाऱ्याचा मेहुणा आहे, हे मला आज समजले.

तेथे हजर असलेला तो व्यापारी हसून म्हणाला, "काका, सही करताना लई खूश होता की तुम्ही."

फीत वळसा घेऊन दुकानाच्या दारी पोचली. अंतर नियमापेक्षा चार पावले जास्त भरले. साहेब पंचनामा लिहीत असतानाच टेम्पोतून दोन मोठे फ्रीज उतरले.

माझी नात त्याच शाळेत सातवीत आहे. मी चौथी शिकलो, परंतु वाचल्याशिवाय कधीही सही केली नाही. तो ठराव मी दोनदा वाचला होता. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मोजणीपूर्वीच फ्रीज मागवण्याइतकी खात्री त्यांना कोणी दिली? आणि चांगले काम समजून आपण आणखी कोणकोणत्या कागदांवर सह्या केल्या आहेत?