युरोप सर आणि उघडं राहिलेलं दार

युरोप सर फळ्याकडे न बघता युरोपचा नकाशा काढायचे. तोंड आमच्याकडे, हात फळ्यावर आणि बोलणं चालूच. आधी इटलीचा बूट, मग स्पेन, मग वर इंग्लंड आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात एक ठिपका देऊन त्यावर खडू दोनदा ठोकायचे. तो ठिपका म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. या माणसाने समुद्र कधी पाहिला नव्हता. मंठ्याकडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा परतूरच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागला आणि मध्ययुगाच्या शेवटाला जो जाऊन बसला, तो तिथून परत आलाच नाही. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं होतं.

त्यांचा अभ्यासक्रम कधीच पुरा झाला नाही. जानेवारी उजाडला तरी आमचे धर्मसुधारक चर्चच्या दारावर आपल्या निषेधाचा कागदच ठोकत असायचे. पुढच्या सगळ्या राज्यक्रांत्या आम्ही गाइडमधून पाठ केल्या. कुरकुर केली की सर म्हणायचे, "वळणावर गाडी हळू घ्यावी लागते रे. जल्दी कशाची हाये?"

पुस्तकाशी त्यांचं भांडण असायचं. "लिहिलंय, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं अन् युरोपच्या व्यापाराचा रस्ता बंद झाला. बंद-बिंद काही झाला न्हाई. आपलं रेल्वेचं फाटक पडलं म्हणून मंठ्याला निघालेला माणूस घरी बसतो का? लांबून जातो. खर्चा वाढतो, चिडतो. अन् चिडलेला माणूस नवा रस्ता हुडकतो. आपल्याकडच्या मिऱ्यांसाठी ते समुद्रात उतरले ते असे." हे उत्तर मी परीक्षेत फाटकासकट लिहिलं होतं. मार्क पडले नाहीत. पण आजही तेवढंच आठवतं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट त्या शहराच्या लहान दाराची. हजार वर्षं उभी असलेली भिंत, बाहेर तोफा, आत थकलेले लोक. पहाटे काही सैनिक एका लहान दारातून बाहेर जाऊन आले आणि आतून कडी लावायची राहिली. तिथून शत्रू आत शिरला. कित्येक इतिहासकार ही गोष्ट मानत नाहीत, हेही सर प्रामाणिकपणे सांगायचे आणि तरी दर वर्षी तिच्यावर अख्खा तास घालवायचे. "कोणीतरी विसरला. एक कडी. त्याचं नाव कुठंच लिहिलेलं न्हाई," असं म्हणून खिडकीबाहेर बघत राहायचे. आम्ही एकमेकांना कोपर मारून हसायचो.

युरोपातल्या प्लेगच्या धड्यात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मोठ्या मरणानंतर उरलेल्याचं मोल वाढतं." गावंच्या गावं ओस पडली, मजूर मिळेनात, तेव्हा कुठे मजुराला किंमत आली, असा त्याचा अर्थ. मग आपल्याकडे कोरोना आला आणि त्यात त्यांच्या पत्नी गेल्या. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा सरांनी तो धडा सोडून दिला. मी तोवर त्याच कॉलेजात क्लार्क झालो होतो. मी विचारलं, तर म्हणाले, "पुस्तकातलं सगळ्यांना लागू होत न्हाई, दिगंबर."

त्यानंतर मुलं कमीच होत गेली. वर्गात वीस मुलं नसली तर विषय बंद, असा आमच्याकडे नियम झाला. म्हणून दर उन्हाळ्यात प्राध्यापकांनी खेडोपाडी फिरून प्रवेशाचे फॉर्म भरून आणायचे. सर डोक्याला उपरणं गुंडाळून मोटारसायकलवर मागे बसायचे आणि गाडी मी चालवायचो. एका गावात पारावरच्या एका बापाने विचारलं, "सर, इतिहास शिकून पोरं लागतात कुठं?" सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा बघा. माझा विद्यार्थी. बराबर कॉलेजात क्लार्क हाये." त्यांच्या सगळ्या आयुष्याचा पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याकडे मीच होतो. मला तेव्हा लाज वाटली होती, ती कोणाची ते आजही सांगता येत नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात एकोणीस फॉर्म झाले. माझी मुलगी ज्योती त्याच वर्षी बारावी झाली होती. परतताना रेल्वे फाटकाशी थांबलो असताना मी आपणहून म्हणालो, "सर, विसावा फॉर्म माझ्या घरून. काळजी करू नका." सरांनी माझी पाठ थोपटली आणि फाटक उघडेपर्यंत हात तिथेच ठेवला.

आठ दिवसांनी ज्योतीचा जालन्याला फार्मसीत नंबर लागला. बायको म्हणाली, "पोरीचं वाटोळं करून सरांचा वर्ग चालवायचाय का तुम्हाला?" तिचं काय चुकलं होतं? मी जालन्याला जाऊन प्रवेश घेऊन आलो. सरांना मात्र सांगितलं नाही. रोज ते समोरून जात होते, रोज मी रजिस्टरात मान घालत होतो. निदान वेळेवर सांगितलं असतं तर त्यांनी आणखी चार गावं पालथी घातली असती, एक पोरगं आणलंच असतं. पण माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी फिरणं थांबवलं होतं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सर सकाळपासून माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होते. पाच वाजता मी खिडकी बंद करायला उठलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, तुझा फॉर्म राह्यला की." मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "फार्मसी चांगलीच हाये," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. आरडाओरडा केला असता तर मी सुटलो असतो.

विषय बंद झाला. सरांना दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवलं. तिथे इतिहास नव्हताच, परीक्षेच्या कामाला बसवलं. जाण्याआधी ते आपल्या वर्गाची, सात नंबरच्या खोलीची किल्ली द्यायला माझ्या टेबलाशी आले. किल्ली ठेवली.

"इतके वर्षं मी शिकवून राह्यलो की तो दारावरचा माणूस विसरला," ते म्हणाले. "आता वाटतं, विसरला नसंल. त्याला घरी लेकरू असंल. मंग तिकडं पळाला असंल." आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

दिवाळीच्या आत सर गेल्याची बातमी आली. मी माती द्यायला गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार होतो?

ज्योतीचं बरं चाललं आहे. सात नंबरच्या खोलीत आता मोडकी बाकं भरून ठेवली आहेत. संध्याकाळी शिपाई सगळ्या खोल्या लावून गेला की मी एकदा व्हरांड्यातून फिरतो आणि प्रत्येक दाराची कडी ओढून बघतो. सगळ्या लागलेल्या असतात. आता त्याचा काही उपयोग नाही.