सरकलेली रेघ

बाहेर जायचं असलं की आई सकाळपासून पाणी पीत नसे. लग्न असो, बारसं असो, नाहीतर श्रावणातल्या सोमवारची महाकालची सवारी, परक्या घरी बाथरूम कुठे आहे हे विचारायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. सवारीतली महाकालची पालखी बघायला ती दुपारीच मावशीच्या गॅलरीत जाऊन बसायची आणि पाण्याचा पहिला घोट रात्री घरी येऊन घ्यायची. मी चिडायचे. पण माझं काम नेमकं लघवीतल्या जंतूंचं, त्यामुळे या विषयात माझं बोलणं तिला जास्तच लाजिरवाणं वाटे. एवढं शिकून हेच शिकलीस का, असं विचारायची.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही एक यंत्र बनवतो. सोन्याचा पातळ थर दिलेली काच, आणि तिच्यावर ठरावीक जंतूला धरून ठेवणारी प्रथिनं. लघवीचे थेंब टाकायचे. जंतू असले तर ते काचेला चिकटतात, काचेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग जरासा बदलतो आणि कॉम्प्युटरवरची रेघ सरकते. तासाभरात उत्तर मिळतं. पॅथॉलॉजीत तेच जंतू बशीत वाढवून बघायला दोन-तीन दिवस जातात. बँकेतून रिटायर झालेले बाबा आल्यागेल्याला सांगत, आमची मुलगी उजेडाने जंतू पकडते. रेघ कधीकधी उगाचच सरकते हे ते सांगत नसत, कारण मी त्यांना ते कधी कळूच दिलं नव्हतं.

गेल्या श्रावणात एका सवारीनंतर आईला थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होते हे तिने किती दिवस लपवलं होतं, देव जाणे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं आणि आधी काही औषध दिलंय का, असं विचारलं. बाबा नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी लघवीच्या इन्फेक्शनचं औषध सुरू केलं. त्या सकाळीच घेतलेल्या लघवीची एक बाटली मी टावर चौकाजवळच्या पॅथॉलॉजीत दिली आणि दुसरी लॅबमध्ये नेली.

रेघ सरकली. नवी काच लावून पुन्हा बघितलं, तरी सरकली. खरं सांगते, क्षणभर मला आनंदच झाला. आमचं यंत्र पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोललं होतं. मग लक्षात आलं की ही बाटली आईची आहे.

कल्चरचा रिपोर्ट मात्र कोरा आला. बशीत काहीच वाढलं नव्हतं. डॉक्टरांनी लघवीच्या इन्फेक्शनचं औषध थांबवून डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या सुरू केल्या. मी बाबांना बाहेर बसवून डॉक्टरांना रेघेबद्दल सांगितलं.

"मैडम, आपकी मशीन अच्छी ही होगी," ते म्हणाले, "पर मैं तो रिपोर्ट देखकर ही चलूँगा।"

ते उद्धट नव्हते, हेच वाईट. उद्धट असते तर भांडता आलं असतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या लॅबच्या सरांनीही समजावलं, की पेशंटवर न तपासलेल्या यंत्राच्या भरवशावर कुणाला औषध देता येत नाही. मी तो विषय सोडला. ताप हटेना. आई असंबद्ध बोलायला लागली, पालखी गेली का म्हणून सारखी विचारायची. जंतू रक्तात पोचलेत हे रक्ताच्या तपासणीत कळलं, तोवर तिला आयसीयूत हलवलं होतं. तिथून ती परत आली नाही.

तेरावं झाल्यावर बाबा औषधांचा डबा आवरत बसले होते. आमच्या घरात उरलेली गोळी कधी फेकत नाहीत.

"मी तर लगेच दवा चालू करून टाकली होती," अँटिबायोटिकची एक रिकामी स्ट्रिप हातात घेऊन ते म्हणाले. "मागच्या वेळच्या दोन गोळ्या पडल्या होत्या. एक रात्री दिली, एक सकाळी तू सँपल घ्यायच्या आधी. त्याच डॉक्टरच्या तर होत्या, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, फालतूमध्ये टाइम कशाला घालवायचा."

दोन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण बशीतली वाढ थांबायला तेवढ्या पुरतात. आमच्या काचेला मात्र मेलेले-अर्धमेले जंतूही चिकटतात. हा काचेचा दोष आहे म्हणून आम्ही प्रत्येक मीटिंगमध्ये कुरकुरतो. म्हणजे रेघ खरी होती.

"तू पण एक बाटली नेली होती ना?" बाबांनी विचारलं. "तुझ्या मशीनमध्ये काही आलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर मग रिपोर्ट कोरा का आला, हे त्यांनी विचारलंच असतं. अर्ध्या उत्तरावर थांबणारा माणूस नाही तो.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मशीनमध्ये काहीच आलं नव्हतं."

"मग कोण काय करणार," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.