आमच्या बूथवरची नऊ मतं

युटातल्या त्या गावात आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे मराठी माणसं दोनच, मी आणि माझा नवरा. त्याची नोकरी जवळच्या युनिव्हर्सिटीत, माती तपासण्याची. शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका राहायच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना काकू म्हटलं. हे काय, म्हणाल्या. म्हटलं, आमच्यात शेजारणीला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. त्यांना ते इतकं आवडलं की पोस्टमनलासुद्धा त्या आपली ओळख काकू म्हणून करून द्यायला लागल्या.

काकूंचा पक्ष त्या राज्यात कायम पडणारा. नुसता पडणारा नव्हे, पार झोपणारा. ऐंशी साली तर गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष त्यांचा, आणि त्याला आमच्या राज्यात पाचातलं जेमतेम एक मत. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे मतं फारच कमी पडली की उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं. त्या म्हणाल्या, "इथे डिपॉझिट नसतं गं. अब्रूच तेवढी जप्त होते."

आमच्या बूथवर त्या वर्षी त्यांच्या पक्षाला नऊ मतं पडली होती. गाव एवढंसं, त्यामुळे ती नऊ माणसं काकूंना तोंडपाठ. पहिल्या त्या स्वतः. दुसरे गावाच्या टोकाला चेरीची बाग असलेले एक विधुर म्हातारे. त्यांना मी चेरीवाले काका म्हणायची. काकूंची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. दर गुरुवारी पत्ते, आणि दर डावाला भांडण. जिंकेल त्याला शिव्या आणि हरेल त्याला खायला चेरीचा गोड 'पाय', असा तो कार्यक्रम. मी बाजूला बसून चहा प्यायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी सिटिझन झाले. नवऱ्याचे कागद अजून अडकलेले होते. परीक्षेची तयारी काकूंनी करून घेतली, व्हरांड्यात बसवून, रोज एक तास. चुकलं की त्या जिभेनं "च्च" करायच्या, सांगलीच्या आमच्या शाळेतल्या बाई करायच्या तस्संच. शपथ झाल्यावर त्यांनी एकच मागितलं.

"आमचा माणूस देशात जिंकत नाही, हे मला दिसतंय. पण आपल्या बूथवर नऊचे दहा होऊ देत. एकदा दोन आकडी बघायचंय मला."

"काकू, माझं मत तुमचंच," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

मतदानाच्या दिवशी मी सहाला कामावरून सुटले. गाडीत रेडिओ लावला तर निकाल लागलेला! म्हणजे पूर्वेकडे घड्याळ आमच्या दोन तास पुढे, तिथलं मतदान संपलं होतं आणि तेवढ्यावर रेडिओवाल्यांनी राष्ट्राध्यक्ष जाहीर करून टाकला होता. आमच्याकडे अजून आठपर्यंत मत द्यायचं होतं. वाढप चालू असताना हात धुऊन उठणारी ही माणसं! मला भयंकर राग आला. काकूंचा उमेदवार तर असा आपटला होता की जवळजवळ प्रत्येक राज्य गेलं.

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. टेबलाशी यादी घेऊन काकूच बसलेल्या. माझं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, हातात कार्ड दिलं आणि हसल्या. रेडिओचं त्यांनाही कळलं असणार, पण तसं काही दाखवलं नाही त्यांनी.

पडद्यामागे ते कार्ड एका चौकटीत घालून टोचणीनं भोक पाडायचं होतं. भारतात मताचं वय होण्याआधीच मी लग्न होऊन इकडे आले होते, म्हणजे हे माझं जन्मातलं पहिलं मत. आणि कानात वडील. ते दर निवडणुकीला वारा बघूनच शिक्का मारायचे. "पडणाऱ्याला मत म्हणजे मत पाण्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरात हे कोणाला चूक वाटलं नव्हतं. जन्मातलं पहिलं मत, आणि तेही निकाल लागल्यावर पाण्यात घालायचं? मी जिंकलेल्याच्या नावासमोर टोचलं. फार विचारबिचार केला नाही.

बाहेर येऊन वडील बघायचे तसं बोट बघितलं. शाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारावर आकडे लागले. नऊ.

काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "कोणीतरी फुटलं," म्हणाल्या. "तू नसतीस तर आठच झाली असती." मी पोळ्या लाटत होते, तशीच लाटत राहिले. तोवर त्यांचा निष्कर्षही काढून झाला होता. त्यांचा उमेदवार कर वाढवीन म्हणाला होता आणि चेरीवाले काका महिनाभर त्यावर कुरकुरत होते. म्हणजे तेच. गुरुवारचे पत्ते बंद झाले.

पंधरा दिवसांनी मला काका पोस्टात भेटले.

"त्या नऊ मतांतलं एक माझं आहे," ते म्हणाले.

"मग काकूंना सांगत का नाही?"

"सांगितलं. तिला खोटं वाटतं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "फार बोललो तर ती दुसरं कोणीतरी शोधायला लागेल. त्यापेक्षा मीच बरा. माझ्यावर तिचा राग टिकत नाही. चेरी फुलल्या की येईल."

त्यांना कळलं होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून ये." मी म्हटलं, उद्या जाते. भित्री होते मी, दुसरं काय!

फेब्रुवारीत काका गेले. चेरी फुलायला अजून दोन महिने होते. काकू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या आणि कोणाशी न बोलता परत आल्या. तेव्हाही मी गप्प राहिले.

अठ्ठ्याऐंशी साली पुन्हा निवडणूक आली. नवरा अजूनही मतदार नव्हता, बाकीची माणसं होती तिथेच होती. या वेळी मी वारा बघितला नाही. काकूंच्या माणसाच्या नावासमोर टोचलं आणि चार वर्षांनी पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

सकाळी काकू शाळेच्या दारावरचे आकडे वाचून थेट माझ्याकडे आल्या.

"नऊ," म्हणाल्या. खुर्चीत बसल्या. "चार वर्षं माझं मन मला खात होतं. वाटायचं, त्याच्यावर उगाच आळ घेतला की काय. पण बघ, तो नाही तरी नऊच्या नऊ. म्हणजे गेल्या वेळी तो आमच्यात नव्हताच."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी कधी पाहिली नव्हती.

"हो काकू," मी म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवलं.