गोष्टीत नसलेला माणूस

सोलापुरात बसून विज्ञानकथा लिहिणं म्हणजे एप्रिलात स्वेटरचं दुकान टाकणं. तरी मी ते पंचवीस वर्षं केलं. दिवसा शाळेत मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं, आणि उन्हाळ्याच्या सुटीत, पंख्याखाली घामेजून, दिवाळी अंकासाठी परग्रहावरच्या थंडीचं वर्णन करायचं. शिक्षकांच्या खोलीत सगळे "काय सर, यान कुठवर आलं?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता माझ्या डब्यातली शेंगाचटणी वाढून घ्यायचे. बायकोनं माझी पहिली छापील गोष्ट, आकाशातून लोंबकळणाऱ्या शहराची, वाचली, अंक मिटला आणि ज्वारी निवडायला घेतली. तिनं पुढं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं.

मला एकच वाचक होता. तो मला भवानी पेठेतल्या एका हॉटेलात भेटला. हॉटेल म्हणजे चहाचं, चार टेबलं आणि लाकडी स्टुलं. माझ्याच वयाचा एक माणूस कोपऱ्यात दिवाळी अंक उघडून बसला होता आणि पान माझ्या गोष्टीचं होतं. घराबाहेर प्रथमच कुणाला तरी माझं लिखाण वाचताना बघत होतो. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन सांगितलं की ही गोष्ट माझी आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"तुमची हाय? मग सांगा की सर, ह्या यानात झाडलोट कोण करतं?"

मी समोरचं स्टूल ओढून बसलो. अशी आमची मैत्री सुरू झाली.

ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, पत्ते पाडायचे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि मशीनशी बोलताना दोन्ही. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक पत्ता घेऊन त्याला भोकं पाडतात. भोक असेल तिथला दोरा माग वर उचलतो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पत्ते क्रमानं दोरीत ओवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. एक भोक चुकलं तर मोराच्या डोळ्यात खड्डा पडतो, आणि तो खड्डा प्रत्येक चादरीवर उमटत राहतो. त्यांचं कधी चुकलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे, आणि इतर लोकही सांगायचे. चादरीच्या कोपऱ्यात मात्र मालकाचं नाव विणलेलं असतं, पत्ते पाडणाऱ्याचं नसतं. म्हणून मीही इथं कुणाचं नाव लिहीत नाही.

त्यांच्या साप्ताहिक सुटीला दुपारी चार वाजता आम्ही त्या हॉटेलात भेटायचो. मी उशिरा येणार हे ठरलेलं. ते आल्या आल्या दोन चहा सांगायचे, आपला पिऊन टाकायचे आणि माझ्या कपावर बशी झाकून ठेवायचे. मी पोचेपर्यंत चहा कोमट आणि साय आलेला. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, विज्ञानाचे मास्तर तुम्ही, चहा गरम राहील असं काहीतरी शोधून काढा.

गोष्टीवर ते कारखान्यातल्या माणसासारखे बोलायचे. तुमचं यंत्र कधी बंद पडत नाही, असं कुठं असतं का? तेल कोण घालतं? तुमच्या यानात कापूस उडत नाही, खोकला कुणाला येत नाही, पाळी बदलताना भांडण होत नाही, मग ते चालतं कसं? मी सांगायचो की ही पुढच्या काळातली गोष्ट आहे. त्यावर ते म्हणायचे की पुढच्या काळातही कचरा होणारच. एकदा मी त्यांना म्हणालो की गोष्ट सुचते कशी असं तुम्ही कधी विचारत नाही. ते म्हणाले की त्यात विचारण्यासारखं काय आहे, तुमचं काम आमच्या उलट असतं, लिहिणारा वरून खाली येतो आणि विणणारा खालून वर जातो. मी हसलो आणि विसरून गेलो.

मग मी ती गोष्ट लिहिली. दूरच्या काळातली एक गिरणी, नक्षी हवेतून येते, माग आपले आपण चालतात, कुणाचा हात लागत नाही. मला ती फार आवडली होती. संपादकांनाही आवडली. माझ्या एकुलत्या एका वाचकानं ती दोनदा वाचली, अंक टेबलावर ठेवला आणि विचारलं की ह्यातला माणूस कुठं गेला. मी म्हणालो, गोष्टीला त्याची गरज नाही.

काही वर्षांनी त्यांच्या कारखान्यात नवे माग आले. पत्ते नकोत, पुठ्ठा नको. नक्षी संगणकावर काढायची, अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये घालायची आणि मागाला लावायची. त्या आठवड्यात मी हॉटेलात पोचलो तेव्हा त्यांचा चहा अजून बशीतच होता. ते म्हणाले, "सर, तुमची गोष्ट आली आमच्या कारखान्यात."

इथं मला खरं ते लिहिलंच पाहिजे. मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्याची टिंगल झाली त्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की तुझं खरं झालं. मी टेबलावर थाप मारून म्हणालो, "बघा, मी लिहिलं होतं की नाही?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, "लिवलं होतं की. पण माणूस कुठं गेला ते काय तुमी लिवलं न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की पत्ते नकोत म्हणजे ते नकोत. शब्द गेले होते, परत घेता येत नव्हते. मी काहीतरी पुटपुटून घरी आलो आणि पुढच्या सुटीला गेलोच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पेपर तपासायचे आहेत, पाहुणे आलेत, ऊन फार आहे, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो. खरं कारण एकच, मला त्यांच्यासमोर बसायची लाज वाटत होती. असे चार महिने गेले. मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे, काखेत पत्त्यांची माळ बांधलेला गठ्ठा. तेलंगणात मुलीकडं कायमचं जातोय म्हणाले. हे शेवटचे पत्ते स्वतःसाठी पाडले होते, मागावर चढायचे नाहीत, तुमच्याकडं असू द्या.

मी विचारलं, ह्यात काय आहे?

"वाचा की. तुमच्या गोष्टीतली माणसं ताऱ्यावरचा निरोप वाचतात. तुमाला माझे पत्ते येत न्हाईत व्हय वाचायला?"

मी गठ्ठा माळ्यावर टाकला. वाचला नाही, कारण त्यात माझ्यासाठी काय असेल ह्याची भीती वाटत होती. पुढं मी निवृत्त झालो. बायको गेली. अंकांनी गोष्टी मागणं बंद केलं, आणि नंतर मला सुचणंही बंद झालं. मुलाचा पुण्याहून रविवारी फोन येतो, जेवण झालं का, झालं, ठेवू का, ठेव. दुपारी घरात पंखा तेवढा बोलतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. वडिलांच्या वहीत माझा नंबर सापडला म्हणाली. ते गेले होते, तेरावाही होऊन गेला होता. मी फोन ठेवला आणि स्टुलावर चढून माळ्यावरून गठ्ठा काढला. माझ्या त्या एका वाक्याबद्दल त्यांच्या मनात काय राहिलं होतं, हे मला जाणून घ्यायचंच होतं. विचारायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

नव्या पेठेतून चौकटीचा मोठा कागद आणला. जेवणाच्या टेबलावर पसरला. पहिला पत्ता हातात घेतला, भोक असेल तिथं चौकोन पेन्सिलीनं काळा, नसेल तिथं कोरा. दुपारी आठदहा पत्ते व्हायचे, मग डोळे दुखायचे. पण त्या दुपारी मी एकटा आहे असं वाटायचं नाही, कारण दोनेकशे पत्त्यांवर त्यांच्या हाताची भोकं होती. हळूहळू चित्र येऊ लागलं. वर एक सरळ जमीन, तिच्यातून खाली उतरणारे खांब, खांबांना एक आडवा सज्जा, सज्ज्याखाली लोंबकळणारे दोन दिवे, उजव्या बाजूला मोठं इंजिनासारखं काहीतरी. मी ओळखलं. माझ्या पहिल्या गोष्टीतलं आकाशातून लोंबकळणारं शहर. मी खूश झालो. म्हातारा रागावला नव्हता, त्यानं माझं शहर काढलं होतं. फक्त एका दिव्याखाली एक जास्तीची पट्टी होती आणि ती तिथं कशाला हे कळेना. हयातीत प्रथमच ह्यांचं भोक चुकलं, असं मनाशी म्हणून मी शेवटचा पत्ता संपवला. माणूस मात्र त्यांनीही काढला नव्हता, हे थोडं लागलं.

चहा करायला उठलो. कप घेऊन परत आलो तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं आलो, आणि कागद मला उलटा दिसला. उलटा नव्हे, सुलटा. विणणारा खालून वर जातो. पहिला पत्ता चादरीच्या खालच्या टोकाचा असतो, आणि मी तो मास्तरकीच्या सवयीनं कागदाच्या वरच्या टोकाला भरला होता.

ते शहर नव्हतं. खाली फरशी होती. मधे टेबल, दोन बाजूंना दोन स्टुलं. आता डावीकडं आलेलं ते इंजिन नव्हतं, माणूस होता, चष्मा लावलेला, हातात उघडा अंक. उजवीकडचं स्टूल रिकामं. टेबलावर दोन कप. त्यांच्यासमोरचा उघडा होता. रिकाम्या स्टुलासमोरच्या कपावर ती पट्टी होती, आणि ती चूक नव्हती. ती बशी होती.

मी खाली बसलो आणि रडलो. चार महिने, दर सुटीला चार वाजता, ते तिथं बसले होते. दोन चहा सांगत होते.

ती गिरणीची गोष्ट मी आता पुन्हा लिहायला घेतली आहे. कुणी छापणार नाही. तिच्यातला माणूस कुठं गेला, हे मला कळलं आहे. माणूस कुठंच गेला नव्हता. निघून गेलो होतो तो मी.