कडूबाईनं ओढून बघितलेल्या गोष्टी

अणदूरच्या बलभीमकडं अंबाडीचा दोर घ्यायचा, तर आधी दोघांनी दोन टोकं धरून हिसका द्यायचा. टिकला तरच घ्यायचा. कडूबाई त्याच्याकडं दोराला पीळ द्यायची चक्री फिरवायला यायची, आणि तोच हिसका त्याच्या गोष्टींना द्यायची.

दोर वळता वळता बलभीम 'असं झालं असतं तर' सांगायचा. निजामी गेलीच नसती तर, फौजा आल्याच नसत्या तर. माणसं मजेत ऐकायची. कडूबाईला एकच गोष्ट पाहिजे होती, तिचा पोरगा उत्तरेश्वर वाचल्याची. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या पौषात रझाकारांच्या बंदूकवाल्यांनी त्याला नळदुर्गच्या वाटेवर उडवला होता.

"सांग. पर खोटी नगं," ती म्हणायची.

"उत्तरेश्वर गाडीनं गेला. गोळी सुटायच्या आत बैल उधळले."

"आमचा तांबडा लंगडा व्हता, बाबा. त्यो उधळून कुठवर जाईल?"

"बरं, मग ज्वारीत लपला. पुरुषभर ज्वारी व्हती."

"दोन महिनं खोकत व्हता की रं! ज्वारीत बसून गप ऱ्हायला असता व्हय?"

शेवटी बलभीमनं साक्षात खंडोबाला घोड्यावर बसवून आणलं. ऐकणाऱ्यांनी येळकोट केला. कडूबाईनं चक्री थांबवली. "घोडा व्हता, तर त्या दिशी कुठं बांधला व्हता?"

येळकोटवाले खाली बघाय लागले.

अशा दोन सुग्या गेल्या. एक दिवस तीच म्हणाली, "एक गोष्ट तू मुद्दाम सांगत न्हाईस."

"कुठली, मावशी?"

"म्या त्याला धाडलंच नसतं."

आमचा अणदूरचा खंडोबा त्या दिवसांत नळदुर्गच्या देवळात मुक्कामी असतो, पौषी पुनवेनंतर परत येतो. खोकला जाऊ दे म्हणून तिनंच पोराला तिकडं पायी धाडलं होतं. पंधरा दिवस कळ काढली असती, तर देवच परत गावात येणार होता.

बलभीमनं ही गोष्ट मनात ओढून बघितली. हिच्यात बैल नको, ज्वारी नको, देवही नको. कुठंच तुटेना.

"ही सोडा, मावशी. त्यो खोकल्यानं तरी गेलाच असता."

"खोकल्यानं कोण मेलंय आमच्यात? खोटं नगं म्हणलं न्हवं तुला?" तिनं चक्रीची मूठ धरली. "ही मला पहिल्या दिशीच ठाव व्हती. दुसरी कुठली टिकती का, तेवढं बघत व्हते."

बलभीमचे हात तसेच राहिले.

"वळ की. भिजवलेली अंबाडी वाळाय लागली," ती म्हणाली.