दुपारची पुडी

डॉक्टरांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यात माझ्या मुलाची लघवी होती, रंग बिनदुधाच्या चहासारखा. ते म्हणाले, "ब्लॅकवॉटर फीवर." मग मला समजेल असं सांगितलं: वरचेवर हिवताप येणाऱ्या एखाद्या रोग्याच्या रक्तातल्या लाल पेशी एकाएकी फुटतात, आणि त्यांचा रंग लघवीतून बाहेर पडतो.

"क्विनीन किती दिलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक.

शेजारी बसलेली माझी मुलगी शांता हळूच म्हणाली, "आणि दुपारी मावशी देत होती. रोज."

ती आठ वर्षांची. गेले कित्येक दिवस ती मला हेच सांगत होती.

ज्यांना घरात आजारी लेकरू ठेवून कामावर जावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिहायला वेळ लागतो. एक परिच्छेद झाला की मी दौत बंद करून ठेवतो.

सालेकशाजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. शाळेच्या ओसरीवरचं टपालही माझ्याकडेच होतं. पोस्टात त्या काळी सरकारी क्विनीनच्या पुड्या विकायला असत. दुसरं महायुद्ध सुरू होतं, बाहेरून येणारा माल थांबला होता, आणि पुड्या मोजक्याच मिळत होत्या. बाजारात त्या चोरून विकल्या जातात अशी बोलवा होती. पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं. शांता आणि पाच वर्षांचा मधू, दोघांनाही पावसाळा संपता संपता हिवताप धरला. थंडी, मग ताप, मग घाम. एक दिवस बरा जायचा आणि पुन्हा थंडी.

दवाखान्याच्या कंपाउंडरने सकाळी आणि दुपारी एकेक पुडी द्यायला सांगितली होती. सकाळची मी देत असे. दुपारी स्टेशनावरून टपालाची थैली येई, लोक ओसरीवर वाट पाहत बसलेले असत. मला उठता येत नसे. म्हणून शेजारच्या भागरताबाईंना सांगितलं; मुलं त्यांना मावशी म्हणत. त्यांची धानाची थोडी शेती होती. बांधावरून त्या आमच्याकडे येत, पेज करत, पुडी देत आणि परत जात.

शांताचा ताप सुटला. मधूचा सुटेना. तिथून माझ्या मनात किंतु आला.

मी घरी आलो की मधूच्या ओठांना बोट लावून ते स्वतःच्या जिभेवर ठेवी. क्विनीनचा कडूपणा तासन्‌तास जात नाही, हे मला ठाऊक होतं. बोट गोड लागे. आणि त्याच्या तोंडाला मोहाच्या फुलांचा वास येई. मी वर्ध्याकडचा, मोह म्हणजे दारू, एवढंच मला माहीत. मी गणित मांडलं: बाई पुडी बाजारात विकते आणि पोर गप्प राहावं म्हणून त्याला दारू चाटवते. शांताला विचारलं तर ती म्हणे, मावशीने पुडी दिली. मला वाटे, हिला शिकवून ठेवलं आहे.

मी कोणाला काही बोललो नाही. चुकलेली पुडी भरून काढायची म्हणून संध्याकाळी मधूला आणखी एक देऊ लागलो. आठ दिवस.

नवव्या दिवशी मी भागरताबाईंना ओसरीवर, टपालाला आलेल्या लोकांसमोर विचारलं, पुड्या कुठे जातात?

भागरताबाई आधी हसल्या, मास्तर थट्टा करून राहिले असं त्यांना वाटलं. मग म्हणाल्या, "पुडी देल्लीच आहे मी. कडू म्हणून पोट्टा थुकते, त भाजलेला मोह तिळासंगं कुटून त्याच्या गोळीत घालून देतो. आमच्या घरी असंच देतात. तुमची पुडी मी कायले चोरू?"

मी म्हणालो, उद्यापासून येऊ नका. कोणीतरी मागून टोमणा मारला, "घ्या, सरकारी पुडी खाऊन बाई गोरी मडम झाली." लोक हसले. त्या हसणाऱ्यांना मी थांबवलं नाही.

तिसऱ्या सकाळी मधूची लघवी काळी झाली. आम्ही गाडीने गोंदियाला आलो.

इस्पितळात डॉक्टर पुढे म्हणाले, "कधी कमी, कधी जास्त असं क्विनीन पोटात गेलं की हे होताना आम्ही पाहतो. तुमच्या मुलाला त्यानेच झालं का, हे मी सांगू शकत नाही." त्यांनी क्विनीन बंद केलं. पाणी पाजा, हलवू नका, म्हणाले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी तेव्हाही संशयच घेत होतो: नर्स पाणी वेळेवर पाजते का, कंपाउंडर औषधात पाणी घालतो का. पाजत होती. घालत नव्हता. मधू पिवळा पडत गेला, मग लघवीच थांबली. किडनी बंद पडली, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडं रक्त गाळेनाशी झाली. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी शांताला पुन्हा थंडी वाजली. तिला गोधडीत गुंडाळून, घरी निजवून मी तसाच भागरताबाईंच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. चूक माझी होती, हे मी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगेन, असं म्हणणार होतो.

त्या अंगणात धान पाखडत होत्या. मी "भागरताबाई" एवढंच म्हणालो. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते बरं झालं असतं.

"पोरगीले कोणापाशी ठेवून आले?"

मी म्हणालो, कोणापाशी नाही. तिला थंडी भरली आहे.

"आन्‌ इथं काऊन उभे आहा?" त्यांनी सूप टेकवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी थैली यायच्या आधी मी ओसरीवर सांगितलं, चूक माझी होती. लोक खाली मान घालून बसले. त्या वेळी भागरताबाई माझ्या घरी होत्या आणि शांताला पुडी देत होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर मी तिच्या ओठांना बोट लावलं नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. ते सोपं नव्हतं, अजूनही नाही.